धावण्याला जोड कोणत्या व्यायामाची?



बेळगावचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना निराळे सांगावयास नको. जून महिन्यात एकदा झड लागली की व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावरच्या पायवाटा निसरड्या होतात, टिळकवाडीतल्या रस्त्यांच्या कडेने पाणी वाहू लागते, आणि पहाटे धावावयास निघालेल्या मंडळींची पावले आपोआप एखाद्या छपराकडे वळतात. पूर्वी हे छप्पर तालमीचे असे. आता ते बहुधा काचेचे दार, भिंतभर आरसे आणि मोठ्याने वाजणारे संगीत असलेल्या व्यायामाच्या स्टुडिओचे असते. दाराशी वर्गांचे वेळापत्रक लाविलेले असते : सोमवारी योग, मंगळवारी पिलाटीस, बुधवारी झुंबा, गुरुवारी सायकल, शुक्रवारी वजने आणि शनिवारी दमछाक करणारा जलद व्यायाम. शुल्क एकच; वर्गांना मात्र वाटेल तितके बसावे. अशा वेळी धावणाऱ्या माणसाने यांतून काय घ्यावे आणि काय सोडावे, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

आरंभीच सांगितलेले बरे की मी या शास्त्रातली तज्ज्ञ नव्हे. मी शाळेत शिकविते. चाळिशी ओलांडल्यावर धावू लागले. आता नवशिकी राहिले नाही आणि निष्णातही झाले नाही. धावू लागण्याचे कारण माझी आई. ती नेमाने पहाटेच्या मिस्सेला चालत जाई. पुढे एके दिवशी घरातच पाय घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. पण चर्चच्या पाच पायऱ्या ती पुन्हा कोणाच्या हाताच्या आधारावाचून चढू शकली नाही. त्या पायऱ्यांशी तिचा हात धरून उभी असताना, आपल्या पायांची काळजी आपणच आणि आताच घ्यावयास हवी, असे माझ्या मनाने घेतले. मी धावू लागले ते शर्यती जिंकण्यासाठी नव्हे, तर सत्तरीत पायऱ्या चढता याव्यात म्हणून.

आणि तरीही मी चूक केली. तीच आधी सांगते.

एका पावसाळ्यात मी अशाच एका स्टुडिओचे तीन महिन्यांचे शुल्क एकदम भरले. आठवड्यातून चार दिवस धावणे चालूच होते. त्यात पाच वर्गांची भर घातली. दोन सायकलचे, दोन दमछाकीचे, एक झुंबाचा. त्यातच वजन उतरावे म्हणून रात्रीचे जेवण निम्म्यावर आणले. पहिले चार आठवडे अंगात वारे भरल्यासारखे वाटले. सहाव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या हाडावर एका ठिकाणी दुखू लागले. बोट ठेवून दाखविता यावे इतकी ती जागा नेमकी होती. प्रथम ते धावताना दुखे, मग जिना उतरताना, आणि पुढे रात्री अंथरुणावर पडल्यावरही. पैसे भरलेले होते, म्हणून मी वर्ग सोडला नाही. शेवटी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा त्यांनी तपासण्या केल्या आणि सांगितले की वारंवार पडणाऱ्या भाराने हाडाला इजा झाली आहे. आठ आठवडे धावावयाचे नाही. मग त्यांनी विचारले, "बाई, तुमचा विश्रांतीचा दिवस कोणता?" मला उत्तर देता येईना.

मला अधिक लाज वाटली ती निराळ्याच कारणाने. दर जून महिन्यात आमच्या शाळेचे वेळापत्रक करण्याचे काम माझ्याकडे असते. गणिताच्या दोन तासांमागे लगेच विज्ञानाचा तास लावू नये, मुले थकली असता त्यांच्यापुढे अवघड धडा ठेवू नये, चित्रकला आणि खेळ यांना त्यांची जागा द्यावी, हे मला कोणी शिकवावे लागत नाही. जे मी मुलांच्या बाबतीत कधी केले नसते, ते माझ्या पायांच्या बाबतीत खुशाल केले होते. धावण्याच्या जोडीला मी जे वर्ग घेतले ते बहुतेक धावण्याच्याच जातीचे होते. छाती धपापविणारे, घाम काढणारे, पायांना पुन्हा तेच काम लावणारे. गणिताला जोड म्हणून मी आणखी गणितच लाविले होते.

त्या आठ आठवड्यांत वाचून, विचारून आणि पुढे अनुभवाने जो नियम हाती लागला तो असा : धावण्याच्या जोडीचा व्यायाम तो, की जो धावण्याने राहून गेलेले काम करतो आणि धावण्यासाठी ठेवलेली शक्ती खाऊन टाकीत नाही. या नियमाची दोन्ही अंगे सारखीच महत्त्वाची आहेत.

धावण्याने काय होते आणि काय राहून जाते, हे प्रथम पाहू. हृदय, फुप्फुसे आणि रक्ताभिसरण यांच्यासाठी धावण्यासारखा स्वस्त आणि उत्तम व्यायाम विरळा. परंतु धावणे म्हणजे एकच हालचाल हजारो वेळा करणे. मिनिटाला १७० पावले धरली तर अर्ध्या तासात ५,१०० पावले पडतात, आणि प्रत्येक पावलाला एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार येतो. हा भार झेलावयास पोटऱ्या, मांड्या आणि विशेषतः कुल्ल्यांच्या बाजूचे स्नायू बळकट असावे लागतात. हे बाजूचे स्नायू कमरेला एका अंगाला कलू देत नाहीत. ते दुबळे असले तर दर पावलाला कंबर खचते, गुडघा आत झुकतो, आणि दुखणे कुठल्या तरी तिसऱ्याच ठिकाणी उभे राहते. धावताना आपण पुढे जातो, आजूबाजूला नाही; म्हणून त्या दिशेचे बळ धावण्याने पुरेसे वाढत नाही. हात, खांदे आणि पाठ यांना तर फारसे कामच नसते. शिवाय वय वाढते तसे स्नायू घटतात. पन्नाशीच्या सुमारास स्त्रियांच्या हाडांची झीजही वेगाने होऊ लागते. ही उणीव नुसते अंतर वाढवून भरून निघत नाही.

म्हणून वर्गांच्या यादीत मी पहिले स्थान वजनांच्या वर्गाला देईन. ज्यांना दुसरा कोणताही वर्ग परवडत नाही किंवा जमत नाही, त्यांनी एवढा एकच करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सांगितला आहे. पण त्याबरोबरच आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असेही म्हटले आहे. आपण धावणारी माणसे पहिले वाक्य लक्षात ठेवितो आणि दुसरे विसरतो. २०१४ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी निरनिराळ्या खेळांवरील २५ प्रयोग आणि २६,००० हून अधिक माणसे यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात बळाच्या व्यायामाने दुखापतींचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही खाली आल्याचे दिसले. नुसत्या ताणाच्या व्यायामाने मात्र तसा लाभ आढळला नाही. हे सर्व प्रयोग केवळ धावपटूंवर झालेले नव्हते हे खरे. तरी त्याचा रोख स्पष्ट आहे.

मात्र वजनांचा म्हणून जो वर्ग सांगितला जातो तो खरोखर वजनांचा आहे की नाही, हे पाहून घ्यावे. हातात दोन किलोचे डंबेल देऊन संगीताच्या तालावर पाऊण तास अखंड उड्या मारावयास लाविले, तर त्याला वजनांचा वर्ग म्हणता येणार नाही. तो दमछाकीचाच वर्ग होय. खऱ्या वर्गात बैठका असतात, एका पायावर पायरी चढणे असते, कमरेतून वाकून वजन उचलणे असते, टाचा उचलणे असते. वजन असे असते की आठ-दहा वेळा उचलता यावे आणि शेवटच्या दोन वेळा कष्ट पडावेत. मध्ये दीड-दोन मिनिटे विसावा असतो, आणि आठवडे जातील तसे वजन थोडेथोडे वाढते. तिसऱ्या महिन्यात तुम्ही पहिल्या महिन्याइतकेच वजन उचलीत असाल तर बळ वाढत नाही, केवळ घाम जात आहे असे समजावे. वजने उचलल्याने अंग बोजड होईल, अशी भीती पुष्कळ भगिनींना वाटते. दोन दिवसांच्या वर्गाने कोणी पैलवान होत नाही. बाजाराची पिशवी मात्र हलकी लागू लागते.

दुसरे स्थान पिलाटीसला. हे नाव एका माणसाचे आहे. योझेफ पिलाटीस हा १८८३ साली जर्मनीत जन्मला, पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये स्थानबद्ध होता, आणि पुढे न्यूयॉर्कला त्याने आपली व्यायामशाळा चालविली. पोट, पाठ आणि कंबर यांचे खोलवरचे स्नायू सावकाश आणि काटेकोरपणे कामाला लाविणे, हे त्याच्या पद्धतीचे सार. धावताना धड स्थिर राहावयास याचा उपयोग होतो, आणि दुसऱ्या दिवशी पाय जड होत नाहीत. कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू कुशीवर पडून पाय उचलताना असे काही बोलू लागतात, की ते आपल्याला आहेत हे प्रथमच कळते. हाडांना पुरेसा भार मात्र यात मिळत नाही. म्हणून हा वर्ग वजनांच्या जागी नव्हे, त्याच्या सोबतीला घ्यावा.

तिसरे स्थान योगाला. त्याची थोरवी मी सांगावयास नको. पण एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. पिलाटीस ज्या वर्षी जन्मला त्याच १८८३ साली, बडोद्याजवळच्या डभोई येथे स्वामी कुवलयानंद जन्मले. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि योगाचा अभ्यास प्रयोगशाळेत नेला. पण त्यांचे पहिले शारीरिक शिक्षण झाले ते बडोद्यास, प्रोफेसर माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत. योगाकडे वळण्यापूर्वी त्यांनी आखाड्याची माती अंगाला लाविली होती. बळ आणि लवचिकपणा यांत वैर नाही, हे त्यांच्या चरित्रावरूनही दिसते.

धावणाऱ्याला योगापासून मिळते ते श्वासाचे भान, एका पायावरचा तोल, घोट्यांची आणि खुब्यांची मोकळीक, आणि मनाचा निवांतपणा. मात्र योगाने दुखापत टळेलच, असा भरवसा धरू नये. आणि शेजारच्या तरुण मुलीचे डोके गुडघ्याला लागले म्हणून आपलेही लागलेच पाहिजे, असा हट्ट तर मुळीच धरू नये. मांडीमागची शीर लांब धावण्यानंतर आधीच ताणलेली असते. तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढणे शहाणपणाचे नव्हे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा आयुष्यभर प्रसार केला ते सूर्यनमस्कार घरच्या घरी, विनामूल्य आणि दहा मिनिटांत होतात. धावण्यापूर्वी चार संथ नमस्कार घातले की अंग जागे होते. तरीही बाजूच्या हालचाली आणि एका पायावरचा भार हे त्यांतही थोडेच आहे, हे ध्यानात असावे.

सायकलच्या वर्गाविषयी माझे मत पुष्कळ बदलले आहे. सायकलवर जमिनीचा धक्का बसत नाही, म्हणून दुखावलेल्या धावपटूला ती वरदानच आहे. माझ्या आठ आठवड्यांपैकी शेवटचे पाच, डॉक्टरांच्या परवानगीने, मी सायकलवरच काढिले आणि दम टिकवून धरिला. जेथे पोहण्याचा तलाव आहे तेथे पाण्यात धावण्याचाही असाच उपयोग होतो. पण दिवे मंद करून आणि शिक्षकाने ओरडून चालविलेला पाऊण तासाचा सायकलवर्ग हे हलके काम नव्हे. तो करावयाचा तर एखाद्या धावण्याच्या बदल्यात करावा. त्याच्यावर भर म्हणून नको.

राहिले दमछाकीचे वर्ग आणि झुंबा. दमछाकीच्या वर्गांत जपानी संशोधक इझुमी ताबाता यांचे नाव फार घेतले जाते. १९९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा मूळ प्रयोग सायकलवर झाला होता : वीस सेकंद पराकाष्ठेचा जोर आणि दहा सेकंद विसावा, असे सात-आठ वेळा. म्हणजे सारा खटाटोप सुमारे चार मिनिटांचा. त्या नावाने पाऊण तास उड्या मारावयास लाविणारा वर्ग हे काही निराळेच प्रकरण आहे. जो धावपटू आठवड्यातून एकदा वेगाने धावतो त्याची ही गरज तेथेच भागलेली असते. झुंब्यात आनंद आहे, संगत आहे, आणि आजूबाजूला पाय टाकणेही आहे. ज्यांना तो आवडतो त्यांनी जरूर नाचावे. फक्त आठवड्याच्या हिशेबात तो दिवस धावण्याचा म्हणून मांडावा, विश्रांतीचा म्हणून नव्हे.

आता आठवडा कसा लावावा? माझे वेळापत्रक सांगते, ते नमुना म्हणून. सोमवारी सौम्य योग. मंगळवारी सकाळी वेगाचे धावणे आणि संध्याकाळी वजने. बुधवारी संथ धावणे. गुरुवारी फक्त वजने. शुक्रवारी अगदी थोडे आणि संथ धावणे. शनिवारी लांबचे अंतर. रविवारी चर्च आणि विश्रांती. सातवा दिवस विसाव्याचा ठेवण्यात केवढे शहाणपण आहे, हे मला नडगीने शिकविले. पिलाटीस मी सोमवारच्या योगाशी आलटून पालटून करिते. मंगळवारी एकाच दिवशी दोन कष्टाची कामे का, असे कोणी विचारील. कारण अवघड कामे एका दिवशी उरकली म्हणजे दुसरा दिवस खरोखर हलका राहतो. दररोज थोडेथोडे कष्ट पडले तर हलका दिवस कोणताच उरत नाही.

वर्ग निवडताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. शिक्षक तुमची जुनी दुखणी विचारतो काय? तुम्ही आठवड्यात किती धावता, हे त्याला ठाऊक आहे काय? वर्गात माणसे इतकी तर नाहीत ना, की तुमचा गुडघा आत झुकला तरी त्याला दिसू नये? एका वेळी एकच नवा वर्ग धरावा आणि चार आठवडे त्याची परीक्षा घ्यावी. शुल्क महिन्याचे भरावे, तीन महिन्यांचे नव्हे. भरलेले पैसे शरीरापेक्षा मोठ्याने बोलू लागतात. आणि व्यायाम वाढवाल तर आहार घटवू नका. अपुऱ्या अन्नावर हाडाची दुरुस्ती होत नाही. हाडावर एका ठिकाणी नेमके दुखू लागले आणि विश्रांतीतही ते थांबेना, तर वर्ग सोडून डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखणे किंवा भोवळ येणे याबाबत तर क्षणाचाही विलंब नको.

ज्यांच्या गावी असे स्टुडिओ नाहीत किंवा ज्यांना ते परवडत नाहीत, त्यांनी खंत करू नये. बैठका, जोर, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणे, पुस्तकांनी भरलेली पिशवी पाठीला लावून एकेका पायाने ओटा चढणे, यांना काही शुल्क पडत नाही. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावले. ते अंतर ४२.७५ किलोमीटरचे होते, ऑलिम्पिकच्या इतिहासात सर्वांत लांब. त्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरे केले आणि एकोणिसावे आले. त्यांच्या काळी आरशांचे स्टुडिओ नव्हते. त्यांच्या गावात आज आपण ज्या रस्त्यांवरून धावतो, तेथे त्यांचे नाव अधिक वेळा घेतले गेले पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

शाळेत प्रार्थनेच्या वेळी संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्राचा भाग कधीकधी वाचण्यात येतो. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, म्हणून त्याने तेथील लोकांना धावण्याच्या शर्यतीचा दृष्टान्त दिला. पुष्कळ वर्षे मी त्यातले धावणेच तेवढे ऐकत होते. स्पर्धकाला अंगी बाणवावा लागणारा संयमही त्याने तेथेच सांगितला आहे, हे नडगी दुखावल्यावर नीट वाचले.

आता मी पुन्हा धावते. पाऊस फार असला तर धावत नाही. गुरुवार असेल तर वजने उचलते, नाही तर स्वस्थ घरी बसते. रविवारी आईला घेऊन चर्चला जाते. तिचा एक हात कठड्यावर असतो आणि एक माझ्या खांद्यावर. तिचा भार पेलताना माझी कंबर आता कलत नाही. मला धावून जे मिळवावयाचे होते ते हेच.